शिधाजहाज : सोसायटीच्या हलत्या देखाव्याची नोंदवही

रविवार, २२ जून २०२५

दोन्ही पालख्या आज पुण्यातून पुढे गेल्या. काल संध्याकाळी नाना पेठेत गेलो होतो. दर्शन झालं, पण जास्त रमलो ते दिंड्यांच्या ट्रकांपाशी. सिलिंडर, भगुणी, कणकेची पोती, बटाटे, मागे पाण्याचा टँकर. माणसं चालत राहतात. ट्रक पुढच्या मुक्कामी आधी जाऊन चूल पेटवतो. एका ट्रकच्या फाळक्यावर बसलेल्या बाई खालच्या पोरावर ओरडत होत्या, "मीठ तळाला घातलं कुणी? मीठ वर पायजे, मीठ!" पोरगं निम्मा ट्रक उपसत होतं.

परत येताना पीएमटीत डोक्यात आलं की यंदाचा देखावा हाच. फक्त रस्त्याऐवजी समुद्र आणि ट्रकऐवजी जहाज. युद्धात आरमाराला जेवण कसं पोचतं, ते.

मंगळवार, २४ जून

बैठक. चौदा माणसं, एक थर्मास. सेक्रेटरींना ऑपरेशन सिंदूर हवंय : क्षेपणास्त्र, धूर, स्पीकरवर दणका. मी म्हटलं, या भागातल्या निम्म्या मंडळांचं तेच असणार. त्यावर त्यांचा प्रश्न, "पण लोक बटाट्याची पोती बघायला येतील का?" प्रश्न रास्त आहे. माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून उलटा प्रश्न टाकला : मे महिन्यात नौदलाचा ताफा विमानवाहू नौकेसकट अरबी समुद्रात उभा होता, तेव्हा ती माणसं रोज जेवलीच असतील ना? ते कुठून आलं?

जरा शांतता. मग खजिनदार म्हणाले, "खर्च?" धुराच्या मशीनच्या भाड्यापेक्षा कमी, असं सांगितल्यावर ठराव मंजूर. बजेट ११,००० रुपये. अट एकच, जहाजं भारतीय हवीत. परदेशी जहाजांचा इतिहास फलकांवर चालेल.

रविवार, २९ जून

मोजमापं ठरली. देणारं जहाज 'आयएनएस दीपक'च्या धर्तीवर. खरं दीपक इटलीत बांधलं, २०११ साली नौदलात आलं, लांबी १७५ मीटर. ते मुख्यतः तेलवाहू, पण दारूगोळा आणि शिधाही देतं. घेणारं जहाज कोलकाता वर्गातली विनाशिका, १६३ मीटर. एकास शंभर प्रमाण धरलं तर पावणेदोन मीटर आणि एक मीटर त्रेसष्ट सेंटिमीटर. पार्किंगच्या दोन खांबांमध्ये बसतं, मोजून पाहिलं.

दिवसभर फलकांसाठी वाचन. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी नौदलाने शिधाजहाजांना आकाशातल्या ताऱ्यांची नावं दिली होती. मी यादी घेतली आणि शेजारी आपली नावं लिहीत गेलो. पोलॅरिस म्हणजे ध्रुव. आल्देबरान म्हणजे रोहिणी. मायझार म्हणजे चक्क वसिष्ठ! सप्तर्षींमधले, ज्यांच्या शेजारची अरुंधती लग्नात दाखवतात (आणि कुणालाच दिसत नाही, सगळे "दिसली, दिसली" म्हणतात). युद्धानंतरच्या शिधाजहाजांमध्ये रेग्युलस आहे, म्हणजे मघा. आर्क्टुरस आहे, म्हणजे स्वाती. डेनेबोला म्हणजे उत्तरा फाल्गुनी. शिधा वाहणारी अख्खी नक्षत्रमाला.

भाचीने विचारलं, "मामा, मग अरुंधती नावाचं जहाज होतं का?" शोधलं. होतं! अल्कॉर. पण ते शिधाजहाज नाही, दुरुस्तीचं जहाज. भाची म्हणाली, "म्हणजे वसिष्ठ जेवण आणणार आणि अरुंधती रिपेअरिंग करणार. बरोबर आहे." हे फलकावर घ्यायचं.

वसिष्ठाचा पूर्वाश्रम आणखी मजेचा. १९३२ साली बांधलेलं हे जहाज मुळात युनायटेड फ्रूट कंपनीचं, मध्य अमेरिकेतून केळी आणणारं, नाव 'किरिग्वा'. १९४१ मध्ये नौदलाने घेतलं. तसंच 'चिरिकी'चं 'तॅराझेड' झालं. केळ्याची जहाजंच का? कारण थंड कोठ्या आयत्या होत्या. केळं १३ अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. त्याखाली गेलं तर साल काळी पडते, वर गेलं तर बंदर गाठायच्या आत पिकून जातं. असलं नाजूक गिऱ्हाईक हजारो मैल सांभाळून नेणाऱ्या खलाशांना मांस-भाजीची कोठी शिकवावी लागत नाही.

बुधवार, २ जुलै

जुना बाजार. दोन वायपर मोटर ४५० ला (सांगितले ७००). एक एसएमपीएस (मोटरला वीज पुरवणारा डबा) शेजारच्या इमारतीतल्या मित्राकडून उसना, गणपती झाले की दुसऱ्या दिवशी परत. अप्पा बळवंत चौकातून सनबोर्ड, म्हणजे फोमचे हलके, ताठ बोर्ड. पावसात रिक्षा मिळेना, बोर्ड डोक्यावर धरून अलका चौकापर्यंत चालत आलो.

रविवार, ६ जुलै — आषाढी

बी विंगमधल्या नेव्हीकाकांकडे गेलो. नौदलात आयुष्य गॅलीत काढलं, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात. मूळचे देवगडकडचे. काकूंनी साबुदाण्याची खिचडी दिली आणि काकांनी तीन तास.

माझा आराखडा त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून पाहिला आणि पहिलाच प्रश्न, "पोती कुठल्या कोठीतून निघतायत?" मी म्हटलं, देखावा आहे, पोती नुसती दोरावरून सरकणार. "तसं नाय. आतून काय येतंय ते ठाऊक नसेल तर वर नुसतो दोर. समुद्रात ताफ्याला गाठलात, समोर विनाशिका उभी, तिला हवेत कांदे, नि कांदे तुमच्या तळाला, वर डाळीची दोनशे पोती. काय कराल?"

शिधाजहाज भरायचं ते उलट्या क्रमाने. ज्याला शेवटी भेटायचं त्याचा माल आधी चढवायचा. जे आधी उतरायचं ते सगळ्यांत वर, दाराशी. त्यातही बटाटा आणि कांदा एकमेकांपासून लांब. सफरचंदं बटाट्यापासून लांब. गोठलेलं मांस वेगळ्या कोठीत, उणे १८ च्या आसपास. बटाट्याला तेवढी थंडी दिली तर तो कामातून गेला. त्याला चार-पाच अंश. शिवाय रोज माणूस उतरवून पोती चाळायची, एक सडका बटाटा अख्खं पोतं घेऊन जातो. "बंदूकवाल्याला वाटतं लढाई त्याची. अरे, तुझी लढाई अर्धा तास. आमची बटाट्याबरोबर रोज."

नाना पेठेतल्या बाईंची मिठाची गोष्ट सांगितली. काका इतके हसले की काकू बाहेर आल्या.

मग कागदावर हिशेब मांडला. विमानवाहू नौकेवर सोळाशे माणसं धरू. दोन जेवणांत मिळून माणशी आठ पोळ्या, पोळीला २५ ग्रॅम कणीक. दिवसाला ३२० किलो, म्हणजे पन्नास किलोची साडेसहा पोती. महिन्याला साडेनऊ टनांच्या वर. ही फक्त कणीक. काकांनी कागद हातात घेतला, "नि चहा-साखर?" म्हणाले आणि परत दिला.

खवळलेल्या समुद्रातला स्वयंपाकही ऐकून घेतला. टोप अर्धाच भरायचा. शेगडीवर टोप सरकू नये म्हणून आडवे दांडे असतात. पातळ आमटीचा बेत त्या दिवशी रद्द.

शनिवार, १२ जुलै

दोन्ही सांगाडे उभे. दीपकच्या नाकाचा बाक जमत नाही. सनबोर्ड वाकवताना तडकतो. मागून अर्धवट चिरे देऊन वाकवला, वरून पुठ्ठा. आता तीन फुटांवरून बरं दिसतं. जवळ कुणाला जाऊ द्यायचं नाही.

रविवार, २० जुलै

पहिली चाचणी. फसली.

दोन्ही जहाजं वायपर मोटरवर डुलतात. मधे नायलॉनचा दोर ताणून बांधला होता आणि त्यावर कप्पीला लटकवलेलं इवलंसं पोतं (दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी अशी चाळीस शिवून दिलीत, आत खरे तांदूळ). मोटर सुरू केल्या. दोन्ही जहाजं विरुद्ध बाजूंना कलली आणि दोर विनाशिकेचा खांब मुळासकट घेऊन आला. खांब पुन्हा चिकटवून दोर सैल बांधला. या वेळी जहाजं एकमेकांकडे कलली, दोराला झोळ पडला आणि पोतं निळ्या कापडाच्या समुद्रात. तिसऱ्या खेपेला दोर तुटला. पोरं टाळ्या वाजवत होती, सेक्रेटरी नव्हते हे नशीब.

शनिवार, २६ जुलै

नेव्हीकाका खाली आले, दोराकडे पाहिलं. "दोन्ही टोकं बांधलीत? दोर बांधायचा नसतो, धरायचा असतो."

त्यांच्या उमेदीत हलक्या सामानाच्या जॅकस्टेचं, म्हणजे दोन जहाजांमधे ताणलेल्या दोराचं, एक टोक वीस-पंचवीस जण हातात धरून डेकवर उभे राहायचे. जहाजं लांब गेली की ते पुढे पळायचे, जवळ आली की मागे. दोर कायम ताठ, पण कधीच घट्ट नाही. मोठ्या जहाजांवर हेच काम पुढे दाबाच्या दट्ट्याने होऊ लागलं. आमच्याकडे पंचवीस माणसं ठेवायला जागा नाही, म्हणून एक टोक कप्पीवरून विनाशिकेच्या पोटात सोडलं आणि त्याला किराणा दुकानातलं जुनं पाव किलोचं लोखंडी माप लटकवलं. जहाजं लांब गेली की माप वर येतं, जवळ आली की खाली जातं. सलग चाळीस मिनिटं चाललं. एक पोतं पडलं नाही!

पोरांना नंतर दुसरी गंमत दाखवली. दोन कागद समोरासमोर धरून मधून फुंकर मारली, की ते लांब जात नाहीत, एकमेकांना चिकटतात. शेजारून धावणाऱ्या दोन जहाजांमधल्या पाण्याचंही तेच, तिथे दाब कमी होतो आणि जहाजं एकमेकांकडे ओढली जातात. मधे तीस-पन्नास मीटर अंतर, वेग बारा-पंधरा नॉट, सुकाणूवरच्या माणसाला तासन् तास डोळा हलवता येत नाही. आणि युद्धात हे करायचं तर त्या वेळात दोन्ही जहाजांना धड वळताही येत नाही. शत्रूच्या पाणबुडीला यापेक्षा सोयीचं काय असणार?

चालत्या जहाजावरून चालत्या जहाजाला नळीने तेल देण्याची पद्धत १९१७ मध्ये अमेरिकेच्या 'मॉमी' या तेलवाहू जहाजावर बसवली गेली, आणि ती बसवणाऱ्यांत चेस्टर निमित्झ नावाचा अधिकारी होता. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकचा अख्खा ताफा त्याच्याच हाताखाली होता. हे सांगितल्यावर सेक्रेटरी प्रथमच "वा" म्हणाले.

मंगळवार, २९ जुलै — नागपंचमी

फलकांवर काय घ्यायचं हे आज ठरवलं. पोरांचं मत घेतलं, कारण फलक शेवटी तीच वाचतात. मोठे फोटो काढतात.

बिनविरोध निवडून आलं ते जपानचं 'मामिया'. १९२४ साली बांधलेलं शिधाजहाज, अठरा हजार माणसांचा तीन आठवड्यांचा शिधा वाहायचं. पण त्याची ख्याती तांदळाची नव्हती. त्यावर मिठाई बनायची. योकान म्हणजे लाल घेवड्यासारख्या दाण्यांच्या गोड पुरणाला जेली घालून घट्ट केलेली वडी. पुरणाचीच बहीण म्हणा. मामिया बंदरात आलं की बाकीच्या जहाजांवरचे खलाशी हरखून जायचे. त्याच्या जोडीचं 'इराको' १९४१ मध्ये आलं. इराको सप्टेंबर १९४४ मध्ये फिलिपिन्सजवळ कोरोन इथे विमानहल्ल्यात बुडालं. मामियाला आधी दोनदा पाणतीर (टॉर्पेडो) लागले होते, त्यातून ते वाचलं. डिसेंबर १९४४ मध्ये अमेरिकी पाणबुडी 'सीलायन'ने बुडवलं. पोरांपैकी एक बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मिठाईचं जहाज कशाला बुडवायचं?" मी काही बोललो नाही. जहाज युद्धनौकांना पोसत होतं, हे त्याचं उत्तर आहे, पण दहा वर्षांच्या मुलाला ते कसं द्यायचं हे मला सुचलं नाही.

दुसऱ्या नंबरवर जर्मनांच्या दुभत्या गायी. टाइप १४ पाणबुड्या, खलाशांनी ठेवलेलं नाव तेच. पाणतीर सोडायची नळीच नाही. पोटात इतर पाणबुड्यांसाठी चारशेवर टन तेल, शिधा, वर पाव भाजायची भट्टी. अटलांटिकच्या मधोमध ताजा पाव! अशा दहा बांधल्या, दहाही बुडाल्या. कारण भेटायचं तर जागा ठरवावी लागते, जागा ठरवायची तर बिनतारी संदेश पाठवावा लागतो, आणि ते संदेश दोस्त राष्ट्रं उलगडत होती.

आइस्क्रीम बनवणारा अमेरिकी तराफाही घ्या, असा हट्ट झाला. घेतला, दोन ओळीत.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

मजकूर लिहून संपवला. ऑफिस, पाऊस आणि तापात दहा दिवस गेले.

लिहिताना लक्षात आलं की माझे सगळे फलक नेव्हीकाकांच्या त्या पहिल्या प्रश्नाभोवतीच फिरतायत : काय कुठे ठेवलंय?

पॅसिफिकमधलं ग्वाडलकॅनाल बेट घ्या. ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिकी सैनिक उतरले, आणि ९ तारखेला मालवाहू जहाजं बरंचसं सामान पोटात तसंच ठेवून निघून गेली. किनाऱ्यावरचे लोक दिवसाला दोन जेवणांवर आले, त्यातही हाती लागलेला जपानी तांदूळ. थोड्या महिन्यांनी पाळी उलटली. जपानी विनाशिका रात्री येऊन शिध्याची पिंपं दोराने एकमेकांना बांधून पाण्यात सोडायच्या, किनाऱ्यावरच्यांनी ओढून घ्यावीत म्हणून. बरीच वाहून गेली. तिथल्या जपानी सैनिकांनी त्या बेटाला उपासमारीचं बेट म्हटलं.

फॉकलंड, १९८२, ब्रिटन आणि अर्जेंटिनाचं युद्ध. ब्रिटिशांचं 'स्ट्रॉमनेस' हे शिधाजहाज मोडीत निघायच्या वाटेवर, पोर्ट्समथला रिकामं करणं चालू. युद्ध लागलं, आणि काढलेला माल पुन्हा आत. पुढे ते अमेरिकेने घेतलं आणि नाव ठेवलं 'सॅटर्न', म्हणजे शनी. त्याच युद्धातलं ध्वजजहाज 'हर्मीस' १९८७ मध्ये आपलं 'विराट' झालं, हे चौकटीत टाकलंय. सेक्रेटरींसाठी.

मुंबई गोदीचा फलक लिहायला सगळ्यात अवघड गेला. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, 'फोर्ट स्टिकीन'. एकाच जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि कापसाच्या गाठी. जोडीला सोन्याच्या विटाही. कापूस धुमसला, आग स्फोटकांपर्यंत पोचली आणि जहाज उडालं. गोदीतलं धान्यही गेलं, तेही बंगालच्या दुष्काळानंतर वर्षभरात. याच साच्याची, कॅनडात बांधलेली 'फोर्ट' नावाची इतर जहाजं ब्रिटिश आरमाराने भांडारजहाजं म्हणून वर्षानुवर्षं वापरली. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन याच आगीमुळे, हे सोसायटीत दोघांनाच माहीत होतं.

शेवटचा फलक नेव्हीकाकांच्या आग्रहाचा. १८ फेब्रुवारी १९४६, मुंबई, 'तलवार' हे किनाऱ्यावरचं प्रशिक्षण केंद्र. निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची वागणूक, यावरून नाविकांनी कामाला नकार दिला. पाहता पाहता अठ्ठ्याहत्तर जहाजं आणि सुमारे वीस हजार नाविक. समितीतल्या एकांना "गणपतीत बंड कशाला" असं वाटलं. काका म्हणाले, "गणपती बसवले कुणी, नि कशाला?" विषय संपला.

पानिपत टाकू का नको, यावर आठवडा घातला. गोविंदपंत बुंदेले पडले आणि रसद तुटली, उपाशी सैन्य १४ जानेवारी १७६१ ला लढायला निघालं. टाकलं नाही. समुद्र सोडला की आवरता येत नाही, आणि पुण्यात पानिपताचा फलक लावला की समोर वाद घालायला माणूस उभाच.

शनिवार, १६ ऑगस्ट

फ्लेक्स आले. मुख्य शीर्षकात 'शिघाजहाज'. ध चा घ! लेखी मजकूर दिला होता, फोनवरून अक्षरं सांगितली होती, प्रूफ मागितलं तर "साहेब, विश्वास ठेवा" म्हणाला. आता म्हणतो, "लांबून कळत नाही." एकेकाळी या गावात ध चा मा झाला होता, त्याच्या मानाने हे किरकोळ. तरी बदलून घेतला. रिक्षाचे १८० रुपये माझे.

रविवार, २४ ऑगस्ट

रंगीत तालीम. लाटांचे प्लायचे कापीव तुकडे कॅमवर (फिरताना वरखाली ढकलणाऱ्या वेड्यावाकड्या चाकावर) नीट वरखाली होतात. आवाज फार, बेअरिंगला ग्रीस दिलं. पार्किंगच्या छतातून एक धार थेट विनाशिकेवर पडते. खरी विनाशिका म्हणाली असती, एवढंच ना? प्लॅस्टिक लावलं.

बुधवार, २७ ऑगस्ट — गणेश चतुर्थी

बाप्पा बसले. सातला देखावा सुरू. काकांनी एकदाच बदल सुचवला : पहिल्या पोत्याआधी बारीक दोरी फेकलेली दाखवा, थेट पोतं कधीच जात नाही. आधी दोरी, तिला जाड दोरी, तिला दोर. भाचीने दोऱ्याला मणी बांधून ते जमवलं.

सोमवार, १ सप्टेंबर — गौरीपूजन

आज गर्दी. साड्या, गजरे, सगळ्यांचे फोटो देखाव्यासमोर. एक आजोबा तीन फेऱ्या संपेपर्यंत उभे होते, मग म्हणाले, "आमटी कशी पाठवतात हो?" काकांना बोलावून आणलं. त्या दोघांना मी साडेदहाला घरी पाठवलं.

रात्री पाव किलोच्या मापाचा दोरा तुटला. दहा मिनिटं देखावा बंद. पोरांनी तेवढा वेळ दोर हातात धरून चालवला, सात जणांनी, पुढे-मागे पळत. बघणाऱ्यांना वाटलं, देखावा असाच आहे.

रविवार, ७ सप्टेंबर

काल विसर्जन. आज आवराआवर. दीपकचे दोन तुकडे करून खोक्यात, विनाशिका भाचीच्या शाळेला. फलक गच्चीवरच्या खोलीत. उरलेल्या एकतीस पोत्यांतले तांदूळ आजींनी परत मागितले नाहीत, चिमण्यांना घातले.

मोटर, कप्प्या, वायरी, एसएमपीएस, कॅम, लाटा, सगळं एका मोठ्या खोक्यात नीट बसवलं. वर चिकटपट्टी, वर नाव, वर दोरी. अर्ध्या तासाने मित्राचा फोन, "एसएमपीएस घ्यायला येतोय, खालीच थांबतो." एसएमपीएस जड होता, म्हणून मी तो सगळ्यात आधी ठेवला होता, तळाला.

दोरी सोडली, पट्टी काढली आणि लाटा बाहेर काढायला लागलो. बी विंगच्या गॅलरीत नेव्हीकाका चहा पीत उभे होते. बोलले काही नाहीत. कप खाली ठेवून खाली यायला निघाले.